लांब पल्ल्याची पोरं आणि ॲथलेटिक्स महासंघ: खान्देशातले पालक, शिक्षक आणि कोच यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महासंघ म्हणजे नेमकं कोण? धडगावच्या किंवा चोपड्याच्या पोराचा त्यांच्याशी संबंध येतो कुठे?

जगाच्या पातळीवर वर्ल्ड ॲथलेटिक्स आहे. देशात १९४६ साली स्थापन झालेला भारतीय ॲथलेटिक्स महासंघ आहे, त्याला सगळे एएफआय म्हणतात. त्याखाली राज्य संघटना आणि तिच्याखाली जिल्हा संघटना. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे तीन वेगळे संघ म्हणून उतरतात. पोराचा पहिला संबंध येतो तो जिल्हा संघटनेशीच. दिल्लीहून कोणी माणूस आश्रमशाळेच्या मैदानावर येऊन पोरं हेरत नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत जो धावला आणि ज्याची नोंद झाली, तोच वर दिसतो. म्हणून चाचणीची तारीख कळणं हे अर्धं काम आहे. शाळेतल्या एका शिक्षकाने जिल्हा संघटनेच्या सचिवांचा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा नंबर जवळ ठेवावा, आणि जून व सप्टेंबर अशा दोन वेळा स्वतःहून फोन करावा.

शालेय स्पर्धा आणि महासंघाची स्पर्धा यात फरक काय? पोर विभागात पहिलं आलं, तरी महासंघाच्या यादीत नाव नाही.

या दोन वेगळ्या वाटा आहेत. शालेय स्पर्धा क्रीडा खात्यामार्फत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढतात. आपले तिन्ही जिल्हे त्यात नाशिक विभागात येतात. तिथे वयोगट १४, १७ आणि १९. महासंघाकडे वयोगट १४, १६, १८ आणि २०. त्यामुळे शाळेत १७ खालील गटात सहज जिंकणारा साडेसोळा वर्षांचा मुलगा महासंघाकडे १८ खालील गटात जातो आणि तिथे त्याच्यापेक्षा वर्षा-दीड वर्षाने मोठ्या मुलांशी भिडतो. तो हरला म्हणजे त्याची धाव बिघडली असं नाही, गट बदलला एवढंच.

शालेय पदक आपोआप महासंघाच्या नोंदीत जात नाही. दोन्हीकडे वेगळा प्रवेश भरावा लागतो. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प आणि राज्य स्तरावरच्या स्पर्धा ही तिसरी वाट. ती चांगली आहे, पण ती पोराला महासंघाच्या दारापर्यंत नेत नाही. तिथून पुढे कोणीतरी बोट धरून जिल्हा संघटनेकडे न्यावं लागतं.

‘आमना पोऱ्या भलता पयस’, म्हणजे आमचा पोरगा भारी पळतो. पण तो खरंच लांब पल्ल्याचा आहे, हे कशावरून ओळखायचं?

गावच्या शर्यतीत पहिला येण्यावरून नाही. बारा-तेराव्या वर्षी जिंकणारी बरीच मुलं फक्त लवकर वयात आलेली असतात. त्यांची उंची आणि ताकद वर्षभर आधी आली, म्हणून ती पुढे असतात. सोळाव्या वर्षी बाकीची पोरं त्यांना गाठतात. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची मोजा आणि वहीत लिहा. वाढीचा जोर मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. त्या काळात वेळ सुधारली तर तिचं श्रेय ट्रेनिंगला लगेच देऊ नका, आणि बिघडली तर घाबरू नका.

पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ८०० मीटरच्या दोन फेऱ्यांत किती सेकंदांचा फरक पडतो? पहिली फेरी ६८ ची आणि दुसरी ८० ची असेल तर मुलगा वेगवान आहे, पण त्याला अजून वेग वाटून घेता येत नाही. शर्यत संपल्यावर दोन मिनिटांनी नाडी किती खाली येते? दमल्यावर खांदे कानाकडे जातात का, की पाय आधी सुटतात? आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन मैदानावर येतो का? उंच वाढलेल्या, लवकर वयात आलेल्या विजेत्यापेक्षा चौथा-पाचवा येणारा, बारीक, अजून मिसरूड न फुटलेला मुलगा कोचने जास्त जपावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौदा वर्षांच्या मुलाला १० किलोमीटरच्या ग्रामीण मॅरेथॉनमध्ये उतरवलं तर काय बिघडतं? बक्षीस पाच हजाराचं आहे.

एकदा धावला तर फारसं काही बिघडणार नाही. बिघडतं ते प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, यात्रा, कोणाचा तरी वाढदिवस, असं दर रविवारी डांबरावर धावण्याने. वाढत्या वयात हाडाच्या टोकाची कूर्चा अजून कच्ची असते आणि स्नायूंचा ताण तिथेच येतो. गुडघ्याखाली उंचवटा दुखणं, टाचेमागे दुखणं ही त्याचीच लक्षणं. आठवडाभर सराव नाही, रविवारी जिवाच्या आकांताने १० किलोमीटर, सोमवारी लंगडत शाळा, ही घडी दोन वर्षं चालली की मुलगा सोळाव्या वर्षी खेळ सोडतो.

महासंघांनी अंतरं वयानुसार उगीच बांधलेली नाहीत. एएफआयच्या राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनिअर मेळाव्यात १४ आणि १६ खालील मुलं उतरतात. तिथे १४ खालील गटात लांब पल्ला नाहीच, तर धावणं, उडी, फेक अशी एकत्र चाचणी असते. १६ खालील गटात अलीकडे ६०० मीटरची शर्यत आहे. राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत, म्हणजे ट्रॅकबाहेर माळ-मातीवरच्या धावेत, १६ खालील गट २ किलोमीटर धावतो, १८ खालील मुलगे ६ आणि मुली ४, आणि २० खालील मुलगे ८ आणि मुली ६. जागतिक २० खालील स्पर्धेत आता ट्रॅकवरची सर्वांत लांब धाव ५,००० मीटरची आहे. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनला वीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ओडिशाच्या बुधिया सिंगला २००६ मध्ये चार-साडेचार वर्षांचा असताना पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धाववलं गेलं. देशभर नाव झालं, सरकारला मध्ये पडून ते थांबवावं लागलं. त्या धावेतून मोठा धावपटू घडला नाही.

वर्षाला दोन-तीन रस्ता शर्यती, त्याही ३ ते ५ किलोमीटरच्या, एवढं चौदा-पंधराच्या मुलाला पुरे. बक्षिसाच्या पैशाची घरात खरीच गरज असते, ती आम्हाला दिसते. म्हणून कोचने पालकांना नुसतं ‘नाही’ म्हणू नये. वर्षाच्या सुरुवातीला बसून कोणत्या दोन शर्यती धावायच्या ते ठरवावं.

कागदपत्रं कोणती लागतात? ऐनवेळी कुठे अडतं?

पोरं मैदानावर कमी आणि कागदावर जास्त गळतात. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि पासपोर्ट फोटो ही मूळ चार. चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. पावरा, वसावे, पाडवी, वळवी, तडवी या आडनावांचं रोमन अक्षरांतलं लिखाण प्रत्येक कागदावर वेगळं असतं. संगणकाला ते दोन वेगळे माणूस वाटतात.

दुसरी अडचण १ जूनची. पहिलीत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून लिहून टाकली, ही आपल्याकडची जुनी रीत. सातपुड्यातल्या एकेका वर्गाचा पट काढून पाहा, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो. पडताळणी करणाऱ्याच्या नजरेत १ जून लगेच भरते आणि मुलगा निर्दोष असूनही संशयात येतो. घरी जन्म झाला असेल तर अंगणवाडीची नोंद, लसीकरण कार्ड, आशाताईंची वही शोधा आणि त्यावरून ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. जन्माला एक वर्ष उलटल्यावरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. म्हणून हे काम मूल पाचवीत असतानाच काढा, दहावीत नको. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते. आधी दाखला पक्का करा, मग आधार. उलट क्रमाने केलं तर अडकता.

हाडाची चाचणी म्हणजे काय? त्यात मुलगा मोठा निघाला तर?

डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात आणि हाडांची वाढ ठरावीक तक्त्याशी ताडून गुण देतात. त्या पद्धतीला टीडब्ल्यू-३ म्हणतात. वय चोरणं हा आपल्या खेळातला जुना रोग आहे. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता आणली.

चाचणी हाडाचं वय सांगते, जन्माची तारीख सांगत नाही. लवकर वयात आलेल्या मुलाचं हाड दाखल्यापेक्षा वर्षभर पुढे असू शकतं. असं झालं तर अपिलाची सोय असते आणि तिथे लहानपणीचे सरकारी कागद कामी येतात. पण कोणी मुद्दाम वय कमी लावलं असेल तर बंदी येते, आणि ती कोचच्या चुकीसाठीही मुलालाच भोगावी लागते. पकडल्या जाणाऱ्या मुलापेक्षाही मोठं नुकसान त्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराचं होतं. पंधरा वर्षांच्या मुलाकडून हरून तो ‘आपल्यात दम नाही’ म्हणत गावी परततो.

महासंघात नोंदणी कशी करायची?

एएफआयच्या संकेतस्थळावर खेळाडूची नोंदणी होते आणि एक कायमचा क्रमांक मिळतो, त्याला सगळे यूआयडी म्हणतात. तो आयुष्यभर एकच राहतो. सायबर कॅफेत पासवर्ड हरवला म्हणून दुसरी नोंदणी करू नका. दोन क्रमांक निघाले की दोन्ही अडकतात. मोबाईल नंबर पालकांचा द्या, कोचचा नको, कारण कोच बदलतात. जिल्हा निवड झाल्यावर राज्य स्पर्धेचा प्रवेश जिल्हा संघटना भरते आणि राष्ट्रीय स्पर्धेचा राज्य संघटना. एएफआय राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रता वेळा जाहीर करते. त्या तारखेपूर्वी अधिकृत स्पर्धेत निघालेली वेळच धरली जाते. मैदानावर मोबाईलच्या घड्याळात काढलेल्या वेळेला तिथे किंमत नाही. राज्य बदलायचं असेल तर आधी ना हरकत दाखला घ्या.

मुलगा ऐन हंगामात आई-बापासोबत ऊसतोडीला जातो. काय करावं?

नंदुरबार, चाळीसगाव, धुळ्याच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि होळीच्या आसपास परततात. क्रॉस कंट्री आणि ज्युनिअर मेळाव्यांचा हंगाम नेमका तोच. यावर महासंघाकडे कोणतीही योजना नाही, हे मान्य करून पुढे चालावं लागतं. उपाय वसतिगृहाचाच आहे. आश्रमशाळा, एकलव्य निवासी शाळा किंवा समाजकल्याणचं वसतिगृह, यात जूनमध्येच प्रवेश झाला पाहिजे, दिवाळीत धावपळ करून जागा मिळत नाही. मुकादमाची उचल घेण्याआधी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, कोचने घरी जाऊन बोलावं. मुलगा गेलाच, तर त्याला फडावर करता येईल असं वेळापत्रक लिहून द्या. आठवड्यात तीन दिवस वीस मिनिटं सावकाश धाव आणि दोन दिवस दोरीच्या उड्या, एवढ्याने घडी मोडत नाही.

आठवड्याला किती धावायचं?

पुढचे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, शरीर पाहून खाली-वर करा. तेरा-चौदा वर्षं: आठवड्यात चार दिवस, एकूण १५ ते २५ किलोमीटर, बाकी वेळ कबड्डी, खो-खो, उड्या. पंधरा-सोळा: पाच दिवस, ३० ते ४५. सतरा-अठरा: सहा दिवस, ५० ते ७०. एकोणीसपासून पुढे ८० च्या वर. दर चौथ्या आठवड्याला अंतर एक तृतीयांशाने कमी करा. आठवड्यातले कडक सराव दोनच ठेवा, आणि बाकीच्या धावेत मुलाला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

आपल्याकडे उलटं घडतं. रोज ५ किलोमीटर, रोज जीव तोडून, रोज घड्याळ लावून. सहा महिने वेळ भराभर घटते, मग थांबते, मग नडगी दुखायला लागते. पोलीस आणि सैन्य भरतीच्या १,६०० मीटरसाठी मैदानावर येणाऱ्या दादांच्या मागे लहान मुलं धावतात, हेही त्याचं एक कारण आहे. त्या दादांना सहा महिन्यांत एक परीक्षा द्यायची असते, या मुलांना दहा वर्षं धावायचं असतं.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात सराव बंद ठेवावा का?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सराव बंद नको, पण पहाटे साडेपाचला सुरू आणि सातला संपला पाहिजे. संध्याकाळी जमीन तापलेली असते, सात वाजल्याशिवाय मैदानावर जाऊ नका. कडक सराव मार्चपर्यंत उरका. एप्रिल-मे हलकी धाव, पोहणं आणि अंगमेहनतीचे व्यायाम. गारव्याच्या गावाहून सुट्टीला आलेल्या मुलाला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, पहिल्या दिवशी अर्धाच सराव द्या.

पाणी किती, हे वजनकाट्यावर कळतं. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. ४५ किलोच्या मुलाचं ९०० ग्रॅमपेक्षा जास्त घटलं, तर पाणी कमी पडलं. जितकं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं मिश्रण महागड्या बाटलीइतकंच काम करतं.

मुलगा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तिथे गाडी शोधण्यात वेळ घालवू नका. जवळच्या मळ्यातल्या हौदात गळ्यापर्यंत बसवा किंवा मोटार चालू करून पाईपचं पाणी अंगावर सोडा, डोकं धरून ठेवा आणि तोवर १०८ ला फोन लावा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

तोरणमाळला महिनाभर शिबिर घेतलं तर उंचीवरच्या सरावाचा फायदा मिळेल?

रक्तातल्या लाल पेशी वाढाव्यात म्हणून साधारण १,८०० ते २,५०० मीटर उंची लागते, तीही तीन-चार आठवडे सलग. केनियातलं इटेन सुमारे २,४०० मीटरवर आहे, आपलं उटी २,२०० च्या थोडं वर. तोरणमाळ ११०० ते १२०० मीटरच्या आसपास. तिथे तो फायदा मिळत नाही. पण मे महिन्यात तिथली हवा खालच्यापेक्षा कितीतरी गार असते, चढ आहेत, मातीच्या वाटा आहेत, तलावाभोवती फिरता येतं. या कारणांसाठी जरूर जा.

सिकलसेल असलेल्या मुलाने धावावं का?

सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. नंदुरबारपासून यावलपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा प्रश्न प्रत्येक कोचला पडला पाहिजे. आधी तपासणी करा. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पहिली झटपट चाचणी ‘आहे’ एवढंच सांगते. तो वाहक आहे की रुग्ण, हे पुढच्या तपासणीतच, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीत, कळतं. दुसरा अहवाल आल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

रुग्ण असेल तर स्पर्धात्मक लांब पल्ला नको, खेळ कोणता आणि किती हे डॉक्टर ठरवतील. वाहक असेल तर धावता येतं, आणि त्याला संघातून काढणं हा अन्याय आहे. मात्र नियम पाळायचे. हंगामाच्या सुरुवातीला भार हळूहळू चढवा. सलग जीव तोडून धावायला लावू नका, प्रत्येक फेरीनंतर पुरेशी विश्रांती द्या. तहानलेला, तापातून उठलेला किंवा रात्रभर जागा असलेला असेल तर कडक सराव नाही. अशा मुलाचे पाय अचानक गळून गेले, पोटरी कडक गोळा न होता मऊच राहिली आणि तो खाली बसला, तर त्याला साधा पेटका समजू नका. ‘ऊठ, धाव’ म्हणून ओरडणं इथे जिवावर बेतू शकतं. सावली, पाणी, आणि थेट दवाखाना.

मुलगी छान धावत होती, आता सहा महिन्यांपासून दमते. वजन वाढलं म्हणून असेल का?

बहुधा उलट कारण असतं, खाणं कमी पडतं. आधी रक्त तपासा. बारा वर्षांवरच्या मुलीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. हिमोग्लोबिन बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही पाहा. ते ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोहाचा डोस वाढवू नका. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. चहा लोह अडवतो, लिंबू आणि आवळा मदत करतात.

दुसरं म्हणजे पाळी. पंधरावं सरलं तरी आली नाही, किंवा येत होती आणि सलग तीन महिने थांबली, तर ती ‘ट्रेनिंग चांगलं चाललंय’ याची खूण नाही. शरीराला मिळणारी ताकद खर्चाला पुरत नाही, म्हणून ते काटकसर करतंय. हाडं याच काळात ठिसूळ होतात आणि नडगीला बारीक भेग पडते. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला वेगळं नाव देऊन त्यावर मार्गदर्शन दिलं आहे. आपल्याकडे पुरुष कोच विचारत नाही आणि मुलगी सांगत नाही. उपाय साधा आहे, संघासोबत एक बाई शिक्षिका हवी आणि सरावाच्या वहीत पाळीच्या तारखेचा रकाना हवा. सगळ्यांसमोर मुलींचं वजन करणं आणि ‘जाड झालीस’ म्हणणं आजच बंद करा.

खायला काय द्यावं?

घरचंच. दादरची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाजी. रावेर-यावलचं केळं धावण्याआधी तासभर उत्तम. पहाटे उपाशीपोटी धावून मग थेट दुपारी जेवायचं, ही वसतिगृहातली सवय मोडा. सराव संपल्यावर अर्ध्या तासात भिजवलेले चणे आणि गूळ-शेंगदाणे तरी पोटात गेले पाहिजेत. पावडरच्या डब्याची गरज नाही, आणि त्यात धोकाही आहे.

धोका कसला? एवढ्या लहान मुलांची डोपिंग चाचणी होते का?

होते. वय कमी म्हणून सूट नाही. ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे, अधिकारी ज्युनिअर स्पर्धांतही नमुने घेतात. अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस थांबू शकतं, तो त्याचा हक्क आहे, तेव्हा मुलाला एकटं पाठवू नका. सोळा वर्षांखालच्यांना शिक्षेत काही सवलत असते, पण निकाल रद्द होतोच.

खेड्यात घात होतो तो पुढच्या गोष्टींनी. खोकल्याच्या अनेक औषधांत टर्ब्युटालिन असतं, ते कायम बंदीत आहे. बाटली घेताना लेबलवर हे नाव शोधा. सांधेदुखीवर किंवा अंगावर पुरळ आलं म्हणून मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात बंदीत आहेत. आणि अशक्तपणा आला की सलाईन लावायची आपली रीत: बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन, रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराशिवाय, हाही नियमभंग आहे. बाटलीत साधं मीठपाणी असलं तरी. आजारपणात दवाखान्यात दाखल झालात तर केसपेपर जपून ठेवा. औषध घेण्याआधी नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर नाव तपासा. मैदानावर कोणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देतो म्हणाला, तर त्या माणसाला मुलांपासून लांब ठेवा आणि नाडाला कळवा.

स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, कधी घ्यावेत?

पंधरा वर्षांपर्यंत गरज नाही. मुरमाच्या ट्रॅकवर साधे धावण्याचे बूट पुरतात, अनवाणी धावायलाही नियमाची आड नाही. सिंथेटिक ट्रॅकवर स्पर्धा असेल तर आधी दोन आठवडे थोडं थोडं वापरून पाहा. खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या बुटाचा तळ २० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. दुकानदार रस्त्याचा जाड बूट गळ्यात मारतो, तो घालून ट्रॅकवर धावलं तर निकाल बाद होऊ शकतो.

शिबिरात निवड झाली तर काय मिळतं? पैसे किती?

राष्ट्रीय शिबिरांचा खर्च केंद्रीय क्रीडा मंत्रालय महासंघाला वार्षिक आराखड्यानुसार देतं. राहणं, खाणं, कोच, फिजिओ त्यात येतं. ‘खेलो इंडिया’त निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांची तरतूद असते. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, खेळाडूच्या हाती येतात, उरलेले प्रशिक्षणावर जातात. ऑलिम्पिकच्या ‘टॉप्स’ योजनेत विकास गटाला महिन्याला २५ हजार आणि मुख्य गटाला ५० हजार. आठ ते चौदा वयात राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची किंवा सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीची चाचणी देता येते. खान्देशातल्या घरासाठी आम्हाला या दोन वाटा सर्वांत भरवशाच्या वाटतात, कारण शिक्षण तिथे सुटत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत बरीच मुलं परत येतात. गावात ३५ किलोमीटर धावणारा मुलगा शिबिरात पहिल्याच आठवड्यात ७० धावतो आणि नडगी दुखवून घेतो. कोणाला सांगायचं कळत नाही, हिंदी नीट येत नाही, जेवण वेगळं. म्हणून सोबत सरावाची वही पाठवा: तारीख, अंतर, वेळ, सकाळची नाडी, झोप, कुठे दुखतं. जुन्या कोचने नव्या कोचला एक फोन करावा. निवड झाली म्हणजे पहिल्या कोचचा संबंध संपला, असं महासंघही म्हणत नाही आणि घरच्यांनीही म्हणू नये.

इतर देशांत काय करतात?

जपानमध्ये शाळाच केंद्र आहे. शालेय एकिडेन म्हणजे टप्प्यांची शर्यत, मुलग्यांचे सात जण मिळून मॅरेथॉनचं अंतर कापतात आणि एकाच्या वाट्याला जास्तीत जास्त १० किलोमीटर येतात. तिथून कंपन्यांचे संघ पोरं घेतात. अमेरिकेत विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या आहेत, म्हणजे धावपटू बाविशीपर्यंत शिकत शिकत वाढतो. केनियात सगळी मदार डोंगरातल्या शिबिरांवर, स्पर्धा प्रचंड, आणि लहान वयात थकून बाहेर पडणारेही तितकेच.

आपल्याकडे सैन्य आणि रेल्वे ही खरी संस्था. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, वयाच्या विशीत क्रॉस कंट्रीपासून सुरू झाले आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावले. माणदेशातल्या ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावल्या. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य आणलं. चौदाव्या वर्षीच्या विक्रमामुळे कोणीही तिथे पोहोचलं नाही.

प्रमाणपत्रांचा नोकरीत उपयोग होतो का?

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही, मान्यताप्राप्त संघटनेचं आणि ठरलेल्या पातळीवरचंच चालतं. नोकरीसाठी ते विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, मागचा शिक्का वाचता येत नाही. स्पर्धेची प्रवेशयादी आणि निकालपत्रकाची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या, दहा वर्षांनी ती शोधणं फार अवघड.

सतरा वर्षांचा आहे, नडगी दुखते, पण पंधरा दिवसांवर राज्य स्पर्धा आहे. धावू द्यावं का?

नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत खाली या. वीतभर लांब पट्टा दुखत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडावरचा ताण आहे. अंतर निम्मं करा, मातीवर धावा, पोहा. बोटभर एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, त्या पायावर एकट्याने उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर भेग असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून धावायला लावू नका. एमआरआयची सोय जळगाव-धुळ्याला आहे. तोवर धावणं पूर्ण बंद, राज्य स्पर्धेचं नाव काढून घ्या आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा, म्हणजे मागे असलेल्या मुलाला ती जागा मिळते. भेग असेल तर सहा ते आठ आठवडे विश्रांती. नंतर एक दिवसाआड, एक मिनिट धाव आणि एक मिनिट चाल, असं दहा वेळा, इथून पुन्हा सुरुवात करा.